गाडीवरच्या डांबरासाठी डब्ल्यूडी-४०: वापरून पाहिल्यावर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो, तेव्हा वाटेत दोन ठिकाणी डांबरीकरण चालू होते. नवा थर घालण्यापूर्वी जुन्या रस्त्यावर डांबराचे पातळ मिश्रण फवारतात. ते फवारताना तपकिरी दिसते आणि त्यातले पाणी सुटले की काळे पडते. ते पुरते सुकण्याआधी वाहतूक सोडली की चाके ते उचलतात आणि मागे भिरकावतात. त्यामुळे आमच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांमागे आणि दारांच्या खालच्या पट्ट्यावर तिळापासून हरभऱ्याएवढे शेकडो ठिपके बसले होते. शाम्पूने दोनदा धुऊनही त्यांतला एकही हलला नाही.

शहापुरातल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात डब्ल्यूडी-४० या गंजरोधक फवाऱ्याचा लहान डबा मागितला, तर दुकानदार म्हणाला, ‘‘पेट्रोलचं फडकं मारा की हो, एवढ्याला कशाला खर्च करायलाय?’’ सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, कारण पेट्रोलने डांबर विरघळते. परंतु ते क्षणात उडून जाते, तेवढ्यात माणूस जोर लावून घासतो, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. डांबराच्या ठिपक्यात बारीक वाळू आणि खडीची भुकटी अडकलेली असते, म्हणजे आपण रंगावर पॉलिश पेपरच फिरवत असतो. शिवाय पेट्रोलची वाफ पेट घेते, ही भीती वेगळीच. थिनरचा अनुभव तर मी जुन्या गाडीवर घेतलेला आहे. एका वॉशिंग सेंटरमध्ये मुलाने थिनरच्या बोळ्याने डांबर काढले आणि पूर्वी एकदा पुन्हा रंगवून घेतलेल्या दाराची चकाकीही त्याबरोबर गेली.

डब्ल्यूडी-४० मुळात गाडीच्या रंगासाठी बनलेले नाही. अमेरिकेत १९५३ साली धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी ते तयार झाले, आणि चाळिसाव्या प्रयत्नात मिश्रण जमले म्हणून नावात ४० आला. त्यात मुख्यतः पेट्रोलियमपासून काढलेली द्रावके असतात आणि डांबरही त्याच घराण्यातले, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. पेट्रोलच्या तुलनेत हे सावकाश उडते, आणि माझ्या मते डांबराच्या कामात याचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

गाडी सावलीत लावून, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबून आणि आधी पाण्याने धूळ काढून मी एका वेळी वीतभर भागावर फवारा मारला. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच घडले नाही. मग ठिपक्यांच्या कडा तपकिरी झाल्या, त्यांतून चहाच्या रंगाचे ओघळ उतरू लागले, आणि दोनेक मिनिटांनी मऊ मायक्रोफायबर कापड नुसते टेकवून उचलले तेव्हा डांबर कापडावर आले. कापडाची घडी प्रत्येक वेळी बदलावी लागते, नाहीतर आधी उचललेली वाळू पुन्हा रंगावर फिरते. चाकामागचे जाड ठिपके दुसऱ्या, काही तर तिसऱ्या फवाऱ्याला सुटले. नखाने उकरण्याचा मोह मला झाला होता, तो आवरला हे बरेच झाले.

काम मात्र इथे संपत नाही. पत्र्यावर तेलकट थर राहतो आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ त्यावर लगेच बसते, म्हणून तो भाग शाम्पूने नीट धुणे आवश्यक आहे. द्रावकाने जुने वॅक्सही निघून जाते. मी धुतल्यानंतर तिथे पुन्हा वॅक्स लावले. हेडलाइटच्या काचा, ज्या खरे तर पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या असतात, त्यांवर हे फवारू नये असे उत्पादकच सांगतो. चाकाच्या रिमवरचे डांबर काढताना कापडावर घेऊनच पुसावे, कारण ब्रेकच्या डिस्कवर तेल गेले तर ब्रेक लागायचा नाही.

दोन्ही बाजूंच्या दारांना लहान डबा जवळजवळ पूर्ण लागला, आणि एवढ्या ठिपक्यांसाठी हा उपाय मला महागच वाटला. गाडी खालून पुरती माखली असेल, तर डांबर काढण्यासाठीच बनवलेले, बाटलीतून कापडावर घेता येणारे द्रावण परवडेल. फवाऱ्यातले बरेचसे वाऱ्यावरच जाते. दहा-वीस ठिपके असतील तर मात्र मी हेच वापरीन. घासलेटनेही हे काम होते, पण ते आता सहज मिळत नाही आणि त्याचा वास दोन दिवस अंगणातून जात नाही.

उरलेला डबा पुढच्या प्रवासासाठी डिकीत टाकण्याचा विचार होता. परंतु अशा दाबाच्या डब्याला ५० अंशांपुढची उष्णता चालत नाही आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून तो घरात कपाटात ठेवला आहे.