लातूरच्या बोअरच्या पाण्यात स्टोनवेअर बेकिंग डिश : आठेक महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधी दोन डिश घेतल्या, एक मोठी चौकोनी आणि एक लहान लांबट गोल, दोन्ही आतून पांढऱ्या आणि बाहेरून निळ्या. घ्यायच्या आधी बरेच रिव्ह्यू वाचले तर सगळीकडं तेच, दिसायला मस्त, डाग पटकन निघतात, गिफ्टला छान. पाण्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. आमच्याकडं मराठवाड्यात मात्र पहिली गोष्ट तीच लिहायला पाहिजे, कारण इथं या डिशला करपलेल्या चीजपेक्षा बोअरच्या पाण्याचा त्रास जास्त आहे.

आधी थोडक्यात हे भांडं काय आहे ते. स्टोनवेअर म्हणजे साधारण १२०० अंशाच्या आसपास भाजलेली माती, त्यामुळं ती माठासारखी पाणी पीत नाही, आतून घट्ट होते, आणि वर ग्लेझ म्हणजे काचेचाच एक पातळ थर असतो. आपल्याकडं लोणच्याच्या जुन्या जड बरण्या असतात ना, त्या याच जातीच्या. म्हणून मीठ, लिंबू, टोमॅटो, चिंच याचं त्याला काही वाटत नाही, ॲल्युमिनियमसारखं आंबट पदार्थात उतरायची भीती नाही. सासूबाईंनी डिश हातात घेतली, बोटानं वाजवली आणि "ही तर बरणीच आहे की" म्हणाल्या, आणि तेव्हापासून माझ्यापेक्षा त्याच जास्त जपायल्यात.

आता धुणं. भरली वांगी ओव्हनला केली, नाहीतर पोरांसाठी मॅकरोनी, की कडेला मसाला आणि तेल चिकटून काळपट होतं. हे घासायचंच नाही, भिजवायचं. पण इथं भांडं बुडेल एवढं पाणी रोज ओतायला कुणाकडं आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्याच गावात, तेव्हापासून वाया जाणाऱ्या तांब्याभर पाण्याकडंसुद्धा आमचं लक्ष असतं. म्हणून मी असं करते की पदार्थ वाढून झाला आणि डिश अजून गरम आहे तेव्हाच त्यात एक पेला कडकडीत गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा टाकते आणि बंद केलेल्या पण गरम असलेल्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, परत ठेवून देते. आतल्या आत वाफ धरते, आपलं जेवण होईपर्यंत कडेचं सगळं सुटून येतं, मग मऊ स्पंजनं नुसतं पुसलं तरी निघतं. कडेला वर जिथं पाणी पोचत नाही तिथं सुती फडकं त्याच सोड्याच्या पाण्यात पिळून चिकटवून ठेवायचं. बाहेरच्या बाजूला, मुठीच्या खाली, तेलाचा जो तपकिरी थर बसतो तो मात्र हट्टी असतो, कारण ते तेल पुन्हा पुन्हा तापून वार्निशसारखं झालेलं असतं. त्याला सोड्याची घट्ट पेस्ट लावून रात्रभर ठेवायची आणि सकाळी नायलॉनच्या घासणीनं, एका वेळी पूर्ण निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं, आणि थोडा राहिला तरी काही बिघडत नाही.

आता मुख्य मुद्दा, पांढरा थर. महिना-दीड महिन्यात आतलं पांढरं ग्लेझ खरखरीत लागायला लागलं, हात फिरवला की रेघोटी जाणवते, आणि त्याच्यावर मग मसाला जास्तच धरायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं ग्लेझ गेलं. ग्लेझ गेलेलं नसतं, पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वाळून बसलेले असतात, तेच जे गिझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळावर दिसतात. हे साबणानं जात नाही, सोड्यानं तर अजिबात जात नाही, कारण सोडा आणि क्षार दोघंही एकाच बाजूचे. त्याला आंबटच पाहिजे. मी कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून डिशमध्ये ओतते आणि अर्धा तास सोडून देते, बारीक बुडबुडे येताना दिसतात, मग साध्या पाण्यानं धुतलं की परत गुळगुळीत. पांढरं व्हिनेगरही चालतं, पण वास राहतो आणि महागही पडतं. लिंबाच्या फोडी पिळून झाल्या की साली टाकून देऊ नका, त्यानं कडा घासल्या तरी रोजचं काम भागतं. महिन्यातून एकदा हे केलं की थर जाड बसतच नाही. आणि शेवटचं खळबळणं शक्य असेल तर फिल्टरच्या पाण्यानं, आरओचं जे खारं पाणी बाहेर निघतं त्यानं मुळीच नाही, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. ते पाणी फरशीला ठीक आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगते, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे जे व्हिडिओ फिरतात त्यात दम नाही. फेस बघून वाटतं लई काम चाललंय, पण आंबट आणि सोडा एकमेकाला संपवून टाकतात आणि खाली उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. तेलाला सोडा, क्षाराला आंबट, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी. टॉइलेट-फरशीचं ॲसिड कुणी सुचवलं तर त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढा, आणि ब्लीचवाल्या लिक्विडमध्ये आंबट काहीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, राखेनं घासू का, लख्ख निघंल बघा." राखेचं त्यांचं म्हणणं चूक नाही, राख तेल कापतेच, पितळ-जर्मनची भांडी त्यांनी आयुष्यभर अशीच चमकवलीत. पण चुलीच्या राखेत मातीचे, वाळूचे कण असतात आणि वाळू ग्लेझपेक्षा कडक, त्यानं बारीक चरे पडतात आणि मग त्या चऱ्यांत घाण बसते. तारेच्या घासणीचं वेगळं, तिच्यानं बऱ्याचदा चरा पडतच नाही, उलट तारेचा धातू घासून ग्लेझवर करड्या रेघा उमटतात, पेन्सिलीच्या दिसतात. स्टीलच्या चमच्यानं खरवडलं तरी तेच. त्या रेघा सोड्याच्या पेस्टनं आणि धीरानं जातात, घाबरायचं कारण नाही. मावशींना मी एक पिवळा स्पंज वेगळा काढून दिला, निळ्या डिशचा म्हणून, आता त्याच दुसऱ्यांना हात लावू देत नाहीत.

भांडं फुटतं ते मात्र धुण्यानं नाही, तापमानानं. काचेचा थर आणि माती दोन्ही गरम झालं की फुगतात, एक बाजू गरम आणि दुसरी एकदम गार झाली की ताण सहन होत नाही. आपल्याकडं हे कुठं घडतं बघा : ओव्हनमधून काढली आणि सरळ ओल्या कडप्प्याच्या ओट्यावर टेकवली. दगड गार, त्यावर पाणी, आणि डिश दोनशे अंशावर. माझ्या नणंदेची डिश अशीच गेली, आवाज झाला आणि बुडातून सरळ दोन तुकडे, आतला सगळा पुलाव ओट्यावर. कायम लाकडी पाट नाहीतर जाड घडी केलेला कोरडा टॉवेल. दुसरं, थंडीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी बोटं बधिर करतं, ते गरम डिशवर ओतायचं नाही. (उन्हाळ्यात तेच पाणी नळातून चहासारखं येतं म्हणून सवय बिघडते.) तिसरं, फ्रिजमधली डिश थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नाही, ओट्यावर जरा वेळ ठेवून मग. रिकामी डिश तापवायची नाही, गॅसच्या आचेवर किंवा इंडक्शनवर तर कधीच नाही. ओटीजी लहान असेल तर वरच्या कॉइलपासून चांगलं अंतर ठेवा, मधल्या रॅकवर बरं.

याच जडपणाचा एक फायदा सांगायचा राहिला. बेक चालू असताना लाईट गेली तर, आणि आमच्याकडं जातेच, डिश एवढी ऊब धरून ठेवते की दार न उघडता ठेवलं तर पदार्थ आतून शिजत राहतो. भूमच्या खव्याचं बेक केलेलं दही मी एकदा अशा अर्धवट लाईटीवर केलं, कडेपासून मधोमध एकसारखं घट्ट बसलं. पत्र्याच्या ट्रेमध्ये हे होत नाही.

हळदीचं सगळे विचारतात. वसमतची हळद घरात, काळा मसाला घरात, पांढरं भांडं टिकणार कसं? चांगल्या ग्लेझमध्ये हळद मुरत नाही, वर राहते. तरी पिवळट झाक आलीच तर धुवून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हानं उडतो आणि ऊन ही आपल्याकडं एकच गोष्ट आहे जी मुबलक आहे. दुपारभर ठेवलं की साफ. पण ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडल्या असतील तर पिवळं त्या रेषांत जाऊन बसतं आणि ते निघत नाही. अशी डिश बाजारातच नाकारा.

बुडाला जी ग्लेझ नसलेली कड असते ती थोडं पाणी शोषते, म्हणून सपाट बुडावर ठेवू नका, तिरकी टेकवून वाळवा, वारा खालून लागला पाहिजे. ओली तशीच मायक्रोवेव्हला लावली तर मुठी आणि बूड चटका बसेल एवढे तापतात. तीच कड खरखरीत असते, एकावर एक रचताना मध्ये कागद नाहीतर फडकं घाला, नाहीतर वरच्या डिशचं बूड खालच्या डिशला ओरखडे पाडतं. अधूनमधून बोटाच्या पेरानं वाजवून बघा, टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर कुठंतरी तडा आहे, दिसत नसला तरी. त्यात मग गरम काही टाकू नका, कांदे-लसूण ठेवायला वापरा.

तक्रार एकच. लहान डिशला आतल्या कोपऱ्यात ग्लेझमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक होतं, खालची माती दिसत होती, आणि दुकानदार म्हणाला हे "नॅचरल" आहे. हाताची वस्तू आहे, बाहेरच्या बाजूला असतं तर मीही काही बोलले नसते, पण अन्न लागतं त्या जागेला नाही चालत, तिथं तेल मुरतं आणि खवट वास धरतो. दोन चकरा झाल्यावर बदलून दिली. घेताना उजेडात तिरकी धरून आतून नीट बघा आणि ओटीजीचं आतलं माप मुठीसकट मोजून न्या, आमची मोठी डिश जेमतेम अर्ध्या बोटानं बसते.