सशाच्या आतड्याचं औषध: आठ महिन्यांचा अनुभव

आमचा ससा कापूस चार वर्षांचा, वजन १.८ किलो. फेब्रुवारीत एका सकाळी त्याने मेथीच्या काडीला तोंड लावलं नाही आणि पिंजऱ्यात रात्रभरात एकही लेंडी पडलेली नव्हती. एका डॉक्टरांनी फोनवरच मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे आतड्याची हालचाल वाढवणारं औषध, सुरू करा म्हणून सांगितलं आणि मी दिलंही. तो डोस आठवला की अजून पोटात गोळा येतो. आतडं नुसतं मंदावलंय की कशाने अडलंय, हे तपासल्याशिवाय हे औषध द्यायचंच नसतं. वाट बंद असताना आतड्याला रेटलं तर ते फाटू शकतं. सशाला तर उलटीही होत नाही. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, अडथळा नव्हता, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्यांनी औषध चालूच ठेवलं, पण त्याआधी त्वचेखाली सलाईन, दुखण्यावर मेलोक्सिकॅम आणि अंगाला ऊब दिली. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, कापूस ३७.६ वर आला होता. पोट दुखत असेल आणि आतला चारा कोरडा पडला असेल तर एकटं औषध काही करत नाही, हे मला तेव्हा समजलं. भिजवलेल्या पेलेटची (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची) पातळ पेज सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडी थोडी. औषध दर आठ तासांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे टॉवेलवर तीन लेंड्या दिसल्या, मिरीएवढ्या, कडक, एकाच केसात ओवल्यासारख्या. तळहातावर घेऊन मी नवऱ्याला उठवलं.

मोजमापाबद्दल कळकळीने सांगते. एकाच औषधाचं सिरप आणि ड्रॉप्स मिळतात, पण दोन्हींची ताकद सारखी नसते. दर मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, हे लेबलवर वाचून डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, आणि चमचा नको, १ मिलिलिटरची सिरिंजच घ्या. आतडं दुसऱ्यांदा मंदावलं, तेव्हा एका डोसनंतर कापूस तासभर अस्वस्थ होऊन कोपरे उकरत होता. कळवल्यावर डॉक्टरांनी मात्रा कमी केली. परदेशातले ससेवाले याच कामाच्या सिसाप्राइड या औषधाचं नाव घेतात, पण हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामामुळे भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. ते शोधत फिरू नका.

मे महिन्यात तिसऱ्यांदा तेच. यावेळी डॉक्टरांनी भूल देऊन तोंड नीट तपासलं. मागच्या दाढेला टोक आलं होतं, ते जिभेला बोचत होतं. म्हणून तो गवत सोडून मऊ पालाच खायचा, आणि तंतू पोटात न गेल्यामुळे आतडं पुन्हा पुन्हा मंदावायचं. मी चार महिने औषधाला चांगलं-वाईट ठरवत बसले होते, दुखणं दाढेत होतं.

आणखी एक कारण आमच्या नागपूरच्या उन्हाळ्याचं. पारा ४५ वर गेला की आम्ही त्याला कूलरच्या खोलीत ठेवायचो; त्या ओलीत गवताचा भारा दमट व्हायचा, कुबट वास यायचा आणि तो तोंड फिरवायचा. आता भारा दुसऱ्या खोलीत असतो, दिवसातून तीनदा मूठभर ताजं गवत टाकते.

डॉक्टरांनी दाढेचं ते टोक घासून काढल्यापासून औषध लागलेलं नाही. सकाळी ट्रे उपसताना लेंड्यांचा आकार मात्र रोज बघते. काल वाटाण्याएवढ्या होत्या, मोडल्यावर आत नुसता गवताचा भुसा.