‘चाल’ कानी पडते तेव्हा: ओळखीचे दोन सिद्धांत

भाषा-मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्लेन-विल्सन यांच्या कोहॉर्ट (‘गट’) सिद्धांतानुसार ऐकलेला शब्द ओळखताना त्याचा आरंभ निर्णायक असतो: ‘चा’ ऐकताच चाक, चाफा, चाकू, चाल हे शब्द स्मृतीत जागे होतात आणि पुढच्या ध्वनीसरशी न जुळणारे बाद होतात. पॉल ल्यूस आणि डेव्हिड पिसोनी यांनी १९९८ च्या लेखात मांडलेल्या ‘नेबरहुड अ‍ॅक्टिव्हेशन’ (‘शेजारी’ शब्द जागे होण्याच्या) सिद्धांतात मात्र एकाच ध्वनीने वेगळे असणारे गाल, माल, ताल, चूल, चाळ हे सगळेच स्पर्धक ठरतात. असे शेजारी जितके अधिक आणि वापरात जितके रुळलेले, तितकी मूळ शब्दाची ओळख अवघड होते, असे इंग्रजी शब्दांवरील प्रयोगांत दिसले. पहिला सिद्धांत ऐकण्यातील क्षणाक्षणाचा क्रम नेमका पकडतो. पण गोंगाटात आरंभच अस्पष्ट झाला, तर ‘गाल’ की ‘माल’ हा संभ्रम दुसराच नीट उलगडतो, आणि कमी ऐकू येणाऱ्यांची अडचण समजून घेताना मला तोच अधिक उपयोगी वाटतो.