कॅन्सर बायॉलॉजीत पोस्टडॉक: खारघर, हायडेलबर्ग की अमेरिका?

पीएचडीचा प्रबंध सादर झाला की बहुतेक जण पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीसाठी, आधी देश ठरवतात आणि मग लॅब शोधतात. त्याआधी एक गोष्ट तपासा: पुढची काही वर्षे तुमचा पगार कोणाच्या पैशातून निघणार? गाइडच्या ग्रँटमधून निघणार असेल तर संशोधनाचा प्रश्न गाइडचा, आणि ग्रँट संपली की नोकरीही धोक्यात. स्वतःची फेलोशिप असेल तर लॅब सोडताना प्रकल्प बरोबर नेण्याची बोलणी ठामपणे करता येतात.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकपासून सुरुवात करू. टाटा मेमोरियल सेंटरची ही संशोधन शाखा. तिचे खरे बळ रुग्णांचे नमुने. तंबाखूमुळे होणारा गालाच्या आतला आणि हिरड्यांचा कॅन्सर आपल्याकडे जितका दिसतो तितका युरोप-अमेरिकेत दिसत नाही. त्याच्या जनुकीय बदलांचा भारतीय प्रकल्प २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही अ‍ॅक्ट्रेकचा मोठा वाटा होता. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या देशी कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून त्या कॅन्सरवर सोडायच्या) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तोंडाचा कॅन्सर हाच तुमचा विषय असेल तर मुंबई सोडून जाण्याचे कारण मला दिसत नाही.

अडचण मुदतीची आहे. नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप २ वर्षांची, वयोमर्यादा ३५ (महिला व राखीव गटांना सवलत). प्रयोगासाठी परदेशातून मागवलेली अँटिबॉडी हातात पडायला कित्येक आठवडे जातात, मग २ वर्षांत पेपर पुरा होणे अवघड. प्रकल्पावर रिसर्च असोसिएट म्हणून लागलात तर २०२३ च्या सुधारित दरांनुसार महिन्याला ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. इंडिया अलायन्सची (भारत सरकार आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची संयुक्त संस्था) अर्ली करिअर फेलोशिप मात्र ५ वर्षांची, संशोधनखर्चासह. स्पर्धा कडक आहे, तरी प्रबंध लिहितानाच तिची तयारी सुरू करा, कारण भारतात स्वतःचा प्रश्न घेऊन उभे राहायला इतका अवधी क्वचितच कुठे मिळतो.

हायडेलबर्गचे जर्मन कॅन्सर संशोधन केंद्र, डीकेएफझेड, १९६४ साली स्थापन झाले. एचपीव्ही हा विषाणू आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा संबंध दाखवून २००८ चे नोबेल मिळवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी ते २० वर्षे चालवले. जर्मनीत पोस्टडॉकला सहसा ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीचा नोकरीचा करार मिळतो: आरोग्यविमा, पेन्शन, बाळंतपणाची रजा, सगळे त्यात. जोडीदाराला काम करण्याची मुभा असते. मात्र पीएचडीनंतर अशा मुदतीच्या करारांवर साधारण ६ वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांच्या परवानगीत महिने जातात. स्वतःची फेलोशिप हवी असेल तर युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपसाठी भारतातूनच अर्ज करा. अर्जाआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त जर्मनीत राहिलात तर तिथल्या लॅबसाठी तो मार्ग बंद होतो. ही अट अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते, म्हणून मुद्दाम सांगतो.

अमेरिकेत लॅबांची संख्या आणि कामाचा वेग मोठा, पण बहुतेकांचा पगार गाइडच्या ग्रँटवर. २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी एनआयएचचा (वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी तिथली सरकारी संस्था) दर वर्षाला ६१,००८ डॉलर होता. बॉस्टनच्या घरभाड्यापुढे तो तोकडा पडतो. एनआयएचची पोस्टडॉकसाठीची एफ-३२ फेलोशिप फक्त नागरिक व ग्रीनकार्डधारकांसाठी. तिचीच के-९९ ही ग्रँट मात्र व्हिसावरच्यांनाही खुली आहे, तिचा अर्ज पोस्टडॉकच्या पहिल्या ४ वर्षांत करावा लागतो आणि पुढचा टप्पा अमेरिकेतच स्वतःची लॅब उभारण्याचा असतो. संशोधकांना मिळणाऱ्या जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर ५ वर्षे राहता येते. मायदेशाला कोणती कौशल्ये हवी आहेत याच्या अमेरिकी यादीमुळे जे-१ वाल्यांना लागू होणारी दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट डिसेंबर २०२४ पासून भारतीयांवरून उठली. सरकारी निधीवर गेलेल्यांना ती अजूनही लागू शकते. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा) अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा एच-१बीचे आश्वासन मिळाले तर ते शुल्क कोण भरणार हे लेखी घ्या.

लहान मूल बरोबर असेल तर मी हायडेलबर्ग निवडेन. अमेरिकेला तेव्हाच जा, जेव्हा गाइडची ग्रँट अजून किमान ३ वर्षे उरली आहे. मुलाखतीत हे विचारताना संकोच करू नका. शिवाय त्या लॅबमधून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन करून विचारा, प्रकल्प बरोबर नेऊ दिला का.