अमेरिकन शमादानं: काच घ्यावी की प्युटर?

एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन शमादान घ्यायचं मनात असेल, तर आधी एक ठरवा: त्यात मेणबत्ती लावणार, की ते खिडकीत ठेवून बघणार? लावायचं असेल तर प्युटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, घ्या. बघायचं असेल तर काच, आणि तीही सँडविचची.

सँडविच हे मॅसॅच्युसेट्समधलं, केप कॉडवरचं गाव. डेमिंग जार्व्ह्स यांनी 1825 मध्ये तिथे काचकारखाना काढला. 1888 मध्ये तो बंद पडला. वितळलेली काच साच्यात घालायची आणि वरून दट्ट्याने दाबायची, की नक्षी उठायचीच. त्यांचं डॉल्फिनच्या आकाराचं शमादान प्रसिद्ध आहे: डोकं खाली, शेपटी वर आणि शेपटीवर मेणबत्तीची वाटी. ‘कॅनरी’ नावाच्या पिवळ्या काचेत युरेनियम असतं, त्यामुळे अतिनील दिव्याखाली ती हिरवी चमकते.

वाटी आणि खालचा भाग वेगवेगळे दाबून गरम काचेच्या चकतीने जोडलेले असत. असं एक शमादान हातात फिरवताना माझा अंगठा मानेशीच अडला. चकती जराशी तिरकी बसली होती आणि वाटीही तिच्यासोबत कलली होती. मला तो तिरकेपणा फार आवडला. भट्टीपाशी उभं राहून ते कुणीतरी हाताने जोडलंय, हे तिथे कळतं. ही चकती नसेल तर नंतरची नक्कल असण्याची शंका घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी केलेल्या प्रतिकृतींवर ‘एमएमए’ अशी खूण असते, तीही बघा. काच जपावी मात्र लागते. मेणबत्ती तळापर्यंत जळू दिली किंवा मेण काढायला उकळतं पाणी ओतलं, तर वाटीला तडा जातो.

प्युटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी आणि थोडं तांबं. पडलं तर पोचा येतो, तुकडे होत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉर्चेस्टरचे रॉसवेल ग्लीसन, मेन राज्यातले रूफस डनहॅम अशा कारागिरांच्या नावाचा ठसा असला तर उत्तमच. कथील लवकर वितळतं, म्हणून शेगडीपासून लांब ठेवा. आणि घासून आरशासारखं करू नका, त्याचा मऊ करडा रंगच सुंदर असतो.

पितळेच्या वाटेला मी जाणार नाही. इंग्लंडहून आलेला माल भरपूर आणि अमेरिकन कामावर खूण क्वचितच, मग ओळखणार कसं?

मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या न्यू इंग्लंड ग्लास कंपनीच्या काही काचेच्या शमादानांत वाटीच्या आत प्युटरचं अस्तर असतं. असं एखादं बिनतड्याचं मिळालं, तर माझा कौल त्यालाच.