कधी न भेटलेल्या माणसाला गिफ्ट: हल्दीरामची संत्रा बर्फी, माझा अनुभव

आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला सीक्रेट सांता असतो (चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप गिफ्ट द्यायचं), सगळ्या शहरांतल्या ब्रँचच्या चिठ्ठ्या एकत्र टाकतात, आणि यावेळी माझ्या वाट्याला गुवाहाटीच्या एक मॅडम आल्या. हातात काय, तर नाव, पत्ता आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलेली एक ओळ, घरी आठ वर्षांची मुलगी आहे आणि चहा खूप होतो. बस एवढंच. बजेट 500 रुपये, पाठवायच्या खर्चासकट.

आठ दिवस मी नुसती फिरून राहिली होती. आपल्या नागपुरात बर्डीवर गेले, धरमपेठेत गेले, गोकुळपेठेत तर भाजी घ्यायला गेले तरी दुकानांतच डोकावत होते. कॉफीचा मग घ्यावा तर ते कोणाच्या घरी नसतात, सेंटेड कँडल घ्यावी तर त्या वासाने माझंच डोकं दुखतं, त्यांचं दुखणार नाही कशावरून, स्टोल घ्यावा तर रंग कोणता. सावजी मसाल्याचं पाकीट पण हातात घेतलं होतं, पण आपल्याकडचं तिखट माहीत नसलेल्या माणसाला आणि घरात लहान मुलगी असताना ते नको वाटलं, ठेवून दिलं. खरं सांगू का, अनोळखी माणसाला वस्तू दिली आणि नाही आवडली तर ती घरात जागा अडवत बसते, देणाऱ्याचा मान म्हणून टाकवत पण नाही. त्यापेक्षा संपून जाणारं काहीतरी द्यावं, चहासोबत चार जणांनी खाल्लं, झालं.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरहून संत्रा बर्फी तर सगळेच नेतात, त्यात नवीन काय. आपल्याला नवीन नाही हो, समोरच्याला आहे ना! आणि आपल्या संत्र्याला 2014 मध्ये जीआय (म्हणजे वस्तू त्याच भागाची खास आहे असा सरकारी टॅग) मिळालंय, म्हणजे नागपूरचं म्हणून काही द्यायचं तर यापेक्षा जवळचं काय असणार. डिसेंबरात आंबिया बहाराची (त्या हंगामाची) संत्री बाजारात असतात, तीच पाठवावी असं पण मनात आलं होतं, पण चार-पाच दिवस पार्सलमध्ये दबलेलं संत्रं कसं पोचेल ते आपल्याला माहीत आहे, साल सैल असते, एक फुटलं की बाकीची गेली.

बर्फीबद्दल सांगते. मी पॅक डबाच घेतला, आणि एक लहान डबा घरी पण आणला, कारण स्वतः खाल्ल्याशिवाय कोणाला पाठवायचं नाही हे मी ठरवलंय (का ते पुढे सांगते). तुकडा बोटाने दाबला की किंचित दबतो, पेढ्यासारखा भुरभुरत नाही, ओलसर आहे आणि चावताना जरा चिवट लागतो. आधी गोड लागते, मग मागून आंबट येतं, आणि गिळल्यावर संत्रं सोलताना हाताला जो वास राहतो ना, तसा वास तोंडात राहतो. मला तो वासच पाहिजे होता. गोड आहेच, संत्रा बर्फी हा प्रकारच गोड, म्हणून बिनसाखरेच्या कडक चहासोबत सगळ्यात छान लागते. माझ्या आईने अर्धा तुकडा खाल्ला आणि उरलेला अर्धा दुपारच्या चहाला ठेवला.

आता आधी स्वतः खायचं का ठरवलं, ते. दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या होणाऱ्या सासूबाईंना, त्यांना पण मी तोवर भेटले नव्हते, एका दुसऱ्या दुकानातून ट्रेमधली सुटी बर्फी तोलून पाठवली होती. घाईत होते, चव पाहिली नाही, तारीख विचारली नाही. रात्री घरासाठी आणलेली उघडली तर नुसता रंग आणि इसेन्स, कडा वाळलेल्या. पार्सल तोवर गेलं होतं. त्यांनी फोन करून छान आहे म्हटलं, पण मला ते इतकं लागलं की आजही आठवलं की कसंतरी होतं, पहिली ओळख आणि ती अशी. सुट्या मिठाईची बेस्ट बिफोर तारीख दुकानात लावायचा नियम 2020 च्या ऑक्टोबरपासून आहे, त्यामुळे लाजू नका, सरळ विचारा, भाऊ ही कधीची आहे. आणि बाहेरगावी पाठवायची असेल तर पॅक डबाच घ्या, तारीख बघताना पोचायचे पाच-सहा दिवस त्यातून वजा करा.

सिव्हिल लाईन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्ट केलं. डब्याला आधी प्लास्टिक, मग वर्तमानपत्राचे बोळे, मग पुठ्ठ्याचं खोकं. डिसेंबरच्या थंडीत चिंता नव्हती, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा हा उद्योग करू नका. सोबत चिठ्ठी टाकली, चहासोबत खा आणि मुलीला सांगा की हे आमच्या गावचं फळ आहे.

ज्यांना साखर चालत नाही किंवा दुधाचं चालत नाही त्यांना हे देऊ नका, घटक वाचून घ्या. समोरच्याचं पथ्य माहीतच नसेल तर वायगावची हळद बघा, वर्धा जिल्ह्यातली, तिला पण जीआय आहे, हळद बहुतेक घरांत लागते आणि पार्सलमध्ये खराब होत नाही.

पाचव्या दिवशी मॅडमचा मेसेज आला. मुलीने दोन तुकडे शाळेच्या डब्यात नेले आणि घरी येऊन विचारलं, संत्र्याची बर्फी होते तर लिचीची का नाही होत. मी तो मेसेज आईला दोनदा वाचून दाखवला.

पाच स्टार. ख्रिसमसच्या आठवड्यात काउंटरवर फार गर्दी असते, 15 तारखेच्या आत घेऊन टाका.