जनसंपर्क शिकायचाय: नाशकातच, की पुण्या-मुंबईत?

‘मला पीआर करायचंय’ म्हणणाऱ्या मुलामुलींपुढे नाशकात ढोबळमानाने तीन वाटा असतात. कॉलेज रोडवरच्या एचपीटीसारख्या महाविद्यालयात पत्रकारिता, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठ, नाहीतर सरळ बॅग भरून पुणे किंवा मुंबई. पहिल्या दोन वाटांवर जनसंपर्क हा बहुधा पत्रकारितेतला एखादा पेपर असतो. तिसरीवर तो अख्खा अभ्यासक्रम म्हणून मिळतो. म्हणून नुसती नावं वाचून तुलना करू नका, विषयांची यादी मागून घ्या.

बारावीनंतरच्या पदवीसाठी माझं मत नाशकाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आहे प्रेस नोट, म्हणजे संस्थेने वृत्तपत्राला पाठवायचा बातमीचा मजकूर. जनसंपर्काचं काम बरंचसं लेखनाचं आहे. नोट अशी हवी की उपसंपादकाला बातमी शोधत बसावं लागू नये. ती तशी का हवी, हे उपसंपादकाच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. ‘देशदूत’, ‘गावकरी’ ही इथली घरची नावं, शिवाय मोठ्या दैनिकांच्या नाशिक आवृत्त्या. अशा ठिकाणी महिना-दोन महिने इंटर्नशिप केली की ‘मान्यवरांच्या हस्ते’पासून सुरू होणाऱ्या नोटा डेस्कवर कशा कापल्या जातात, हे डोळ्यांनी दिसतं. उद्या एखाद्या रुग्णालयाच्या जनसंपर्क अधिकारी म्हणून तुम्ही फोन कराल तो याच माणसांना. मोठ्या शहरात ही ओळख व्हायला वर्षं जातात.

आता दुसरी बाजू. नाशकात ‘पीआर’ म्हणून मिळणारं काम पुष्कळदा खिचडी असतं: कार्यक्रमाचे फोटो, फ्लेक्सचा मजकूर, इन्स्टाग्रामचं रील आणि रात्री दहाला साहेबांच्या वाढदिवसाची बातमी. बिल्डर, शिक्षणसंस्था, रुग्णालयं, सातपूर-अंबडचे कारखाने, वाइनरी, नगरसेवक, सगळ्यांना जनसंपर्क हवा असतो. त्यासाठी वेगळं पद भरायची तयारी मात्र थोड्यांचीच. मुंबईतल्या एजन्सीत कामाची विभागणी असते, हाताखाली घेऊन शिकवणारे वरिष्ठ असतात, आणि बरंचसं काम इंग्रजीतून चालतं.

मुक्त विद्यापीठाबद्दल थोडक्यात. 1989 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच गंगापूर धरणाजवळ आहे, मराठीतून शिकता येतं, खर्च आवाक्यातला. एखाद्या संस्थेत आधीच हे काम करणाऱ्याला कागद हवा असेल तर उत्तम. अठरा वर्षांच्या मुलाला मात्र मी तिकडे पाठवणार नाही. तुमच्या नोटेवर रोज लाल शाई ओढणारं कुणी तिथे नसतं, आणि या विषयात तीच तर फी वसूल करणारी गोष्ट.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हिशेब आणखी बदलतो. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची जिल्हा माहिती कार्यालयं असतात. तिथल्या भरतीच्या जाहिरातींत पत्रकारितेच्या पदवी-पदविकेचा उल्लेख असतो. महागड्या एमबीएची तिथे गरज नाही.

पुण्या-मुंबईचा खरा उपयोग पदव्युत्तर टप्प्यावर. पुण्यात सिम्बायोसिसच्या माध्यम संस्थेचं कम्युनिकेशन मॅनेजमेंटमधलं एमबीए आहे, मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्समध्ये जनसंपर्काची पदविका. सिम्बायोसिसची फी लाखांत जाते, वर राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. (‘पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज ये-जा करू’ असं कुणी म्हणालं तर आधी संध्याकाळच्या वर्गांची वेळ विचारा. परतीची गाडी सीएसएमटीहून सव्वासहाच्या सुमारास सुटते.) वर्ष-दोन वर्षं काम करून गेलात तर तिथल्या वर्गात काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन प्रश्न विचारा. एक, जनसंपर्काचं यश मोजायला काय शिकवता? कात्रणांची फाइल आणि ‘एवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती लागले असते’ हा हिशेब आपल्याकडे अजून जोरात चालतो. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या 2010च्या आंतरराष्ट्रीय ‘बार्सिलोना तत्त्वांनी’ तो मोडीत काढला, हे शिक्षकांना माहीत असायला हवं. दोन, 2027च्या सिंहस्थात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळणार का? 2003च्या कुंभात चेंगराचेंगरीत बळी गेले होते. लाखोंच्या गर्दीत अफवा कशी थोपवायची, योग्य सूचना योग्य भाषेत वेळेवर कशी पोहोचवायची, हा आपत्कालीन संवादाचा धडा पुण्या-मुंबईच्या वर्गात फळ्यावर शिकवतील. इथे तो रामकुंडावर शिकायला मिळेल.

पदवीलाच थेट मुंबई गाठावी असे विद्यार्थीही आहेतच. इंग्रजीत सफाईने लिहिणारे, चित्रपट किंवा मोठ्या कंपन्यांच्याच कामात रस असणारे, आणि कर्ज न काढता फी भरू शकणारे. यातल्या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर नाशकात तीन वर्षं थांबण्यात अर्थ नाही.